टिपणे : वसंतातील रान आणि एक मराठी क्रियापद



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी मुळाक्षरे गिरवली, त्याच शाळेच्या सभागृहात पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर उभे राहून बोलण्याचा योग यावा, हे मी माझे भाग्य समजतो. त्यातही हे व्याख्यान आमच्या गुरुजींच्या स्मृतीस वाहिलेले असल्यामुळे आजच्या निमंत्रणाला नकार देण्याचा प्रश्नच नव्हता. विषय कळवा, असे चिटणीसांचे पत्र आले, तेव्हा मी संतसाहित्यावर किंवा मराठी कवितेवर बोलेन, अशी त्यांची अपेक्षा असावी. मी ‘वसंतातील रान’ असे लिहून पाठवले. आयुष्यभर मराठी शिकवलेल्या माणसाने रानाविषयी काय बोलावे, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर व्याख्यानाच्या ओघात मिळेल. आरंभी एवढेच सांगतो की, मला रान दाखवले ते गुरुजींनीच आणि रान पाहताना माझ्या हातून जी चूक घडली, तिचा हिशेब मला त्यांच्याच समोर द्यायचा आहे. ते आज नाहीत, म्हणून तो आपणासमोर देतो.

साधारण १९६५ सालची गोष्ट. मी आठवीत होतो. फाल्गुनातल्या एका रविवारी गुरुजी आम्हा वीसपंचवीस मुलांना जांबोटीच्या बाजूला घेऊन जात. बेळगावहून जांबोटी, कणकुंबी आणि पुढे चोर्ल्याचा घाट उतरून गोवा, ही वाट आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. बसमधून उतरलो की गुरुजी रानाच्या कडेला आम्हाला उभे करून तीन नियम सांगत. फूल तोडायचे नाही. मोठ्याने बोलायचे नाही. आणि जे टिपायचे ते वहीत टिपायचे. प्रत्येकाने दहा गोष्टी टिपून आणायच्या आणि त्यांची नावे जितक्या भाषांत ठाऊक असतील तितक्या भाषांत लिहायची, असा दंडक होता. आपल्या सीमाभागात ते सहज शक्य होते. पळसाच्या शेजारी कोणी ‘मुत्तुग’ असे त्याचे कानडी नाव लिही, तर गोव्याकडचे आजोळ असलेला मुलगा तिसरे नाव घाली. कुठले नाव खरे, असा वाद गुरुजींनी कधी होऊ दिला नाही. ज्याला एका झाडाची तीन नावे येतात, तो ते झाड तीन वेळा पाहतो, असे ते म्हणत.

एका वर्षी मी मामाकडून आग्फा क्लिक थ्री हा पेटीवजा कॅमेरा मागून आणला होता. त्यात एका रिळावर बारा छायाचित्रे निघत. त्या दिवशी मी वही उघडलीच नाही. बाराही वेळा कळ दाबली आणि रीळ धुऊन आल्यावर मोठ्या उत्साहाने छायाचित्रे गुरुजींसमोर ठेवली. एकातही पक्षी नव्हता. फांद्या होत्या, आकाश होते आणि दोन ठिकाणी माशी बसल्यासारखे काळे ठिपके होते. गुरुजी रागावले नाहीत. ते म्हणाले, “हा कोणता पक्षी, ते आता वहीत पाहून सांग.” वही कोरी होती. त्या क्षणी झालेली लाज मी आजही विसरलेलो नाही.

श्रोते हो, ‘टिपणे’ हे आपल्या भाषेतील मोठे अर्थसंपन्न क्रियापद आहे. चिमणी अंगणातले दाणे टिपते. टिपकागद सांडलेली शाई टिपतो. विद्यार्थी गुरूचे बोल टिपून घेतो. आई लेकराचे डोळे पदराने टिपते. शिकारी झाडाआडून सावज टिपतो. कॅमेरा आल्यानंतर हेच क्रियापद आपण छायाचित्रकारालाही बहाल केले आणि तो दृश्य टिपतो, असे म्हणू लागलो. एकाच शब्दात माया आहे, अभ्यास आहे आणि हत्याही आहे. वसंतात रानात जाणाऱ्या माणसाने आपण यांपैकी कोणते टिपणे करीत आहोत, हे स्वतःला विचारावे, एवढेच मला आज सांगायचे आहे.

प्रथम वसंताविषयी. माझा पीएच.डी.चा प्रबंध मराठी कवितेतील निसर्गप्रतिमांवर आहे. त्यात वसंताला एक संपूर्ण प्रकरण दिलेले आहे. आम्रमोहर, मलयानिल, भ्रमर, कोकिळा असे सगळे वैभव तेथे आहे. ते प्रकरण लिहीत असताना मी दोन वर्षे ग्रंथालयाबाहेर पडलो नव्हतो, हे आज कबूल करायला हरकत नाही. कुहूकुहू करून आसमंत भरून टाकतो तो कोकीळ, म्हणजे नर. मादीचा स्वर तीव्र, तुटक आणि कर्कश असतो. तिचा वेळ कावळ्याच्या घरट्यावर नजर ठेवण्यात जातो. तरी आमच्या कवितेत गाते ती बहुधा कोकिळाच. मी या प्रतिमेवर पाने भरली, पण खिडकीबाहेर ओरडणारा पक्षी काळा आहे की ठिपकेदार, हे उठून पाहिले नाही. काळा असतो तो नर आणि तपकिरी अंगावर पांढरे ठिपके असलेली ती मादी. उठून पाहिले असते तर एका दृष्टिक्षेपात उलगडा झाला असता.

पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखाचा. सह्याद्रीच्या या पट्ट्यात त्याची चाहूल माघातच लागते. पानगळीने उघड्या पडलेल्या सावरीवर लाल पेल्यांसारखी फुले येतात आणि त्या पेल्यांतील मधासाठी साळुंक्या, कोतवाल, शिंजीर, कावळे आणि खारी यांची पहाटेपासून जत्रा भरते. फाल्गुनात पळस आणि पांगारा पेटतात. त्यानंतर कुसुंब. त्याची शोभा फुलांची नसते, कोवळी पालवीच लालभडक असते आणि परका माणूस तिलाच फुले समजतो. करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या फुलांनी घमघमतात. झाडे निष्पर्ण असल्यामुळे एरवी पानांआड असणारे शेकरू एका शेंड्यावरून दुसऱ्या शेंड्यावर झेपावताना स्पष्ट दिसते. ओढे आटून डोह तेवढे उरतात, म्हणून सांजसकाळी गव्यांचे कळप पाण्यावर येतात. पाहणाऱ्याला आणि छायाचित्र घेणाऱ्याला यासारखा दुसरा काळ नाही.

तथापि, जे आपल्याला सोयीचे तेच रानातील जिवांना अडचणीचे असते. आडोसा नाहीसा झालेला असतो, पाणी मोजक्या ठिकाणी उरलेले असते, पाचोळा वाळून वणव्याचे भय असते. आणि नेमक्या याच काळात पुष्कळ पक्ष्यांची वीण असते. कोवळ्या पालवीवर अळ्या आणि किडे होतात, उंबर-वडांना फळे धरतात. पिलांच्या तोंडी घालायला खाद्य असते आणि मृगाची झड लागण्यापूर्वी पिले उडती व्हायची असतात. कवींनी वसंताला उत्सव म्हटले. रानाच्या दृष्टीने तो बाळंतपणाचा काळ आहे. बाळंतिणीच्या खोलीत आपण कसे वावरतो, हे आपल्या घरातील कोणतीही आजी सांगेल.

मी २०११ साली निवृत्त झालो. योगायोग असा की, खानापूर तालुक्यातील भीमगड अभयारण्य त्याच वर्षी घोषित झाले. सुमारे १९० चौरस किलोमीटरचे हे रान. म्हादई येथेच उगम पावते आणि गोव्याला जाऊन मिळते. याच परिसरातील बारापेडे गुहांत राहणारे एक दुर्मीळ वटवाघूळ १९१३ साली शास्त्राला ज्ञात झाले. रॉटन या संशोधकाच्या नावाने ते आज जगभर ओळखले जाते. आपल्या दाराशी एवढे धन असताना मी चाळीस वर्षे पुस्तकांतला निसर्ग शिकवीत होतो. ती भरपाई करावी म्हणून मुलाने भेट दिलेला डिजिटल कॅमेरा आणि लांब पल्ल्याचे भिंग घेऊन मी रानात जाऊ लागलो. आता बारा छायाचित्रांची मर्यादा राहिली नव्हती. एका सकाळी पाचशे वेळा कळ दाबली तरी खर्च शून्य. मर्यादा गेली की संयमही सुटतो, हे मला उशिरा कळले.

पुढच्याच वसंतात रानाच्या कडेला शिंजिराचे घरटे सापडले. कोळिष्टके, सालीचे तुकडे, वाळकी पाने यांनी विणलेली ती झुलती पिशवी, वर छपरीसारखी पुढे आलेली कड आणि आत दोन पिले. नर-मादी क्षणाक्षणाला ये-जा करीत होती. परंतु घरट्यासमोर एक पानांची डहाळी आडवी येत होती. मी खिशातून सुतळी काढली आणि ती डहाळी हलक्या हाताने बाजूला ओढून बांधली. तोडली नाही, बांधली. आणि या सौजन्याबद्दल मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली. उजेड नेमका घरट्यावर पडला. चोचीत किडा धरून अधांतरी थांबलेली मादी मला मिळाली. त्या छायाचित्राची मोठी प्रत काढून मी दिवाणखान्यात लावली. येणारे-जाणारे वाहवा करू लागले.

निघताना सुतळी सोडायची मी विसरलो. चौथ्या दिवशी पुन्हा गेलो तेव्हा डहाळी तशीच बांधलेली होती, घरट्यावर दुपारचे ऊन थेट पडत होते आणि घरटे रिकामे होते. कावळ्याने नेली, सापाने नेली की उन्हाने गेली, याचा पुरावा माझ्याजवळ नाही. पण मी बांधलेली डहाळी ही त्या पिलांची सावली होती आणि तोच त्यांचा पडदा होता, हे समजण्यास पुराव्याची आवश्यकता नव्हती. मी सुतळी सोडली आणि घरी आलो. छायाचित्र मात्र भिंतीवर तसेच राहिले. पाहुण्यांनी घरट्याचे पुढे काय झाले, असे विचारले नाही आणि मीही सांगितले नाही.

दोन वर्षे अशी गेली. २०१४ च्या फाल्गुनात एका गावातील वाटाड्याने मला धनेशाची ढोली दाखवली. ते ठिकाण मी मुद्दामच सांगत नाही. धनेशाला कोकणात ककणेर म्हणतात आणि कानडीत मंगट्टे. त्यांतला सर्वांत थोर तो राजधनेश. त्याच्या पंखांचा आवाज दूरवरून आगगाडी धापा टाकीत यावी तसा ऐकू येतो. या पक्ष्याला स्वतः झाड पोखरता येत नाही, म्हणून नैसर्गिक ढोली असलेला जुना, प्रचंड वृक्ष त्याला लागतो. मादी ढोलीत शिरते आणि स्वतःच्या विष्ठेने दार लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवते. आत तिचे उडण्याचे पंख झडतात. अंडे घालण्यापासून पिलू मोठे होईपर्यंत कित्येक आठवडे ती बंदिवान असते. या सर्व काळात नर फळे गळ्यात साठवून आणतो आणि फटीतून एकेक करून तिला भरवतो. नर आला नाही, तर आत अन्न पोहोचण्याचा दुसरा मार्ग नाही.

ही माहिती मला पुस्तकांतून पाठ होती. तरीही एका बेहड्याच्या झाडावरील त्या ढोलीसमोर, मोकळ्या जागेत, मी तिवई रोवून बसलो. सकाळचे सात वाजले होते. आठच्या सुमारास पंखांचा तो घोंघाट आला आणि नर समोरच्या टेकाडावरील झाडावर उतरला. माझे बोट कळीवर होते. तो आला नाही. मान वाकडी करून पाहत राहिला, उडाला, दुसऱ्या झाडावर बसला, परत आला. नऊ वाजले, साडेनऊ झाले. मला वाटले, थोडा धीर धरावा, सरावेल. शेजारी उकिडवा बसलेला वाटाड्या इतका वेळ गप्प होता. मग हळूच म्हणाला,

“सर, आपण हितं हाय तवर तो येत न्हाई बघा.”

मी म्हणालो, “अजून थोडा वेळ थांबू या. प्रकाश छान आहे.”

तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “परकाश ऱ्हाऊ दे सर. ती आत उपाशी हाय.”

श्रोते हो, त्या वाटाड्याने पक्षिशास्त्राचे पुस्तक पाहिले नव्हते. मी पाहिले होते. मी उठलो. तिवई गुंडाळली आणि आम्ही ओढा ओलांडून पलीकडच्या चढावर, करवंदीच्या जाळीमागे जाऊन बसलो. तेथून कॅमेऱ्याला काही मिळण्यासारखे नव्हते. दहा मिनिटे गेली असतील. नर ढोलीपाशी उतरला, खोडाला धरून राहिला आणि त्याने मान पुढे केली. इतक्या अंतरावरून मला फट दिसली नाही, फळही दिसले नाही. केवळ त्याची मान पुन्हा पुन्हा पुढे जाताना दिसत होती. वाटाड्या बोटांवर मोजत होता. मी पिशवीतून वही काढली आणि वेळ टिपली. पन्नास वर्षांनंतर मी गुरुजींनी सांगितलेले टिपणे केले.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर शिंजिराचे छायाचित्र मी भिंतीवरून उतरवले. पत्नीने कारण विचारले, तेव्हा सुतळीची हकिगत प्रथमच कोणाला तरी सांगितली. आज दुसऱ्यांदा सांगतो आहे.

आपल्यासमोर ही कबुली देण्याचे कारण वैयक्तिक नाही. आज प्रत्येक हातात कॅमेरा आहे आणि वसंतातल्या सुटीच्या दिवशी चोर्ल्याच्या रस्त्यावर मोटारींची रांग लागते. या मंडळींना रानाविषयी प्रेम नाही, असे मी म्हणणार नाही, मलाही होते. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात ‘शिकार’ या शब्दाची जी व्याख्या दिली आहे, ती आपण वाचावी, अशी माझी विनंती आहे. पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणे हेसुद्धा त्या व्याख्येत समाविष्ट आहे. कायदा लिहिणाऱ्यांना ‘टिपणे’ या क्रियापदाचे दोन्ही अर्थ ठाऊक होते, असेच म्हणावे लागेल.

कॅमेऱ्याचा दोष नाही. संयुक्त प्रांतातील वनाधिकारी चँपियन यांनी वाघांच्या वाटेवर तार लावून, वाघाच्याच पायाने कळ दाबली जाईल अशी योजना करून रात्री छायाचित्रे घेतली आणि १९२७ साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. वाघ मारण्याला प्रतिष्ठा असलेल्या त्या काळात बंदुकीऐवजी कॅमेरा हाती घ्यावा, हे त्यांनी दाखवून दिले. आपल्या मराठीत व्यंकटेश माडगूळकरांनी नागझिऱ्यात राहून जे पाहिले, ते लेखणीने आणि रेखाचित्रांनी टिपले. दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ सालचे. एकेका महिन्याचे निसर्गरूप त्यात आले आहे. २०२५ साली आपल्यातून गेलेले मारुती चितमपल्ली वनखात्यात नोकरी करता करता रानातल्या माणसांकडून शब्द गोळा करीत राहिले. कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’ आणि बगळ्यांच्या वसाहतीला ‘सारंगागार’ असे सुंदर शब्द त्यांनी मराठीला दिले. या सर्वांनी रानातून काही तरी आणले, पण रानाचे काही कमी झाले नाही. आपल्या टिपण्याची कसोटी हीच असावी.

माझ्या तरुण मित्रांना अनुभवाने चार गोष्टी सांगतो. घरटे दिसले तर मागे फिरा. त्याचे छायाचित्र घेऊ नका आणि त्याचा पत्ता कोणाला देऊ नका. ध्वनिमुद्रित साद वाजवून पक्ष्याला बोलावू नका. आपल्या हद्दीत प्रतिस्पर्धी आला असे समजून तो पिलांना सोडून धावतो. गुहेत वा रात्री झगझगीत दिवा पाजळू नका. अभयारण्यात जाण्यापूर्वी आणि छायाचित्रे घेण्यापूर्वी वनखात्याची रीतसर परवानगी घ्या. आणि बरोबर गावातला माणूस असेल, तर त्याचे ऐका. माझ्या वाटाड्याने ते वाक्य उच्चारले नसते, तर मी दुपारपर्यंत तेथेच बसून राहिलो असतो.

शेवटी शाळेपाशी एक मागणे मागतो. शाळेच्या मागच्या कुंपणाशी सावरीचे झाड आहे. आमच्या वेळी ते खांद्याएवढे होते, आता त्याच्या शेंड्याकडे पाहताना टोपी पडते. दरवर्षी त्याला पहिले फूल कोणत्या दिवशी आले, त्यावर कोणकोण पक्षी आले, पालवी केव्हा फुटली, हे मुलांनी एका वहीत टिपावे. तिला ‘वसंतवही’ म्हणा. त्यासाठी कॅमेरा लागणार नाही, अनुदान लागणार नाही. पहिली पन्नास पाने भरली, म्हणजे आपल्या गावाचा वसंत पुढे येतो आहे की मागे सरतो आहे, हे सांगणारा एक दाखला शाळेच्या कपाटात तयार होईल. तो पाहायला मी नसेन. पण पहिली वही मी आज बरोबर आणली आहे. तिच्या पहिल्या पानावर पळस, सावर आणि धनेश यांची नावे मला ठाऊक असलेल्या सर्व भाषांत लिहिली आहेत आणि खालच्या ओळी मोकळ्या सोडल्या आहेत. मुख्याध्यापकांनी ती स्वीकारावी.